वाढत्या अंगाची झूल

अन्नपूर्णाबाईंच्या घरात ज्या ज्या वस्तूला अंग होतं, त्या त्या वस्तूला अंगडं होतं. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, गॅसच्या सिलिंडरला तर खाली झालर लावलेला घागराच होता. रिमोटला बटणं दिसतील अशी प्लास्टिकची खिडकी असलेली बंडी होती. माठाला टोपरं होतं. मागल्या हिवाळ्यात शेळी कुडकुडताना दिसली, तर तिला दोन खिशांचं जाकीट झालं. शेळीला खिसे कशाला, असं सुनेनं, म्हणजे काजलनं, विचारलं. "कापड उरलं होतं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. यापेक्षा मोठं कारण त्यांना कुठल्याच कामाला कधी लागलं नव्हतं.

उकंडराव, म्हणजे त्यांचे मालक, पारावर बसून सांगायचे, "म्या घरात एका जागी लय वेळ बसत नाई. बसलो त हे बाई मलेबी खोळ घालीन." लोक हसायचे. उकंडराव मात्र खरंच दर पाच मिनिटांनी जागा बदलायचे.

आता हे शिवण निव्वळ हौसेचं होतं असं नाही. धाडच्या रस्त्यावरच्या त्या गावात तीस-पस्तीस वर्षांत जेवढी झबली, फ्रॉक, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश झाले, त्यातले अर्धेअधिक अन्नपूर्णाबाईंच्या पायमशीनवरून गेलेले. प्रत्येकाचं कातरण त्यांनी पोत्यांत जपून ठेवलेलं. त्याला कोणी चिंधी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. लेकराचं शिवायचं तर वाढत्या अंगाचं, हा त्यांचा नेम. आत दोन बोटं कापड दाबून ठेवायचं, पोरगी वाढली की उसवायचं. गावातल्या कितीतरी पोरी त्या दोन बोटांवर सातवीपर्यंत गेल्या.

हे वाढत्या अंगाचं तुम्ही तरी ध्यानात ठेवा, कारण ऐन वेळी ते अन्नपूर्णाबाईंच्याच ध्यानात राहिलं नाही.

झालं असं, की यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोत्यांकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं, आपण सगळ्या घराला शिवलं, सगळ्या गावाला शिवलं, बैल तेवढे राहिले. घरची जोडी होती लाल्या आणि मोरक्या. पोळ्याला त्यांच्या अंगावर धाडच्या बाजारातली चकचकीत नायलॉनची झूल पडायची, पाऊस आला की तिचा रंग बैलाच्या पाठीवर उतरायचा. यंदा घरची झूल करायची. गावातल्या सगळ्या कातरणाची. डोक्यात ते आलं आणि बाईंचा पाय जमिनीवर ठरेना. दुसऱ्याच दिवशी त्या माप घ्यायला गोठ्यात गेल्या. टेप पुरली नाही, म्हणून विती मोजल्या. उन्हाळा होता, दोन्ही बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी त्या विती मोजत राहिल्या.

पण त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि खरी तीच होती. लग्न होऊन आल्यापासून दर पोळ्याला गोंडे त्यांनी केले, कवड्यांच्या माळा त्यांनी ओवल्या, पुरण त्यांनी वाटलं. पोळा मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. बैल सजून दारातून जायचे ते मारुतीपुढच्या मैदानात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहायचे, आणि पोळा फुटला, म्हणजे तोरण तोडून जोड्या सुटल्या, की परत यायचे. मधलं सगळं पुरुषांचं. एवढे दिवस त्यांना त्याचं काही वाटलं नाही, पण यंदा झूल त्यांची होती. ती तोरणाखालून जाताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

"यंदा मीबी येऊ का पोळ्यात?" त्यांनी एकदा भाकरी वाढता वाढता विचारलं.

"बाया येत नसतात पोळ्यात," उकंडराव म्हणाले.

"कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाले कायले पायजे? येत नसतात म्हंजे येत नसतात. बाईनं दारात थांबाचं, बैल आला का ओवायाचं, पुरनाची पोयी चाराची."

"अन् झूल मी कवा पाहू?"

"गणेश मोबाईलमधी काढून आनते ना."

गणेश, त्यांचा मुलगा, मागल्या वर्षीही काढून आणणार होता. आणलं ते अकरा सेकंदांचं. त्यात पहिले सात सेकंद गणेशच्या मित्राचं तोंड, मग डीजेचा भोंगा आणि शेवटी एक शेपटी. ती आपल्याच लाल्याची आहे, असं गणेश शपथेवर सांगत होता. अन्नपूर्णाबाईंना वाईट वाटलं. त्या भांडल्या नाहीत, पण त्या दिवशी भाकरीवर मीठ जरा जास्त पडलं.

हे दुःख त्यांनी सांगितलं फक्त फातिमाबीला. फातिमाबी समोरच्या घरातली. तिचा नवरा गुलजार गाद्या भरायचा आणि ती त्या शिवायची. दोघींचं जमलं ते सुईवर. ऊन उतरलं की अन्नपूर्णाबाईंच्या ओट्यावर पोती रिकामी व्हायची आणि दोघी कातरणात मांड्या बुडेपर्यंत बसायच्या. आता काय सांगू तुम्हाला, त्या दोन म्हाताऱ्या तिथं पोरींपेक्षा जास्त हसायच्या. एकेक तुकडा उचलायचा आणि त्याचा पत्ता सांगायचा. हा निळा शाळेच्या गणवेशाचा, गावातली पोरं तीन सालं याच्यातच पास झाली. हा जांभळा चांगुणाच्या ब्लाउजचा, तिनं माप दिलं तेव्हा श्वास आत धरला होता, म्हणून तो कधी बसलाच नाही. हे जरीचा गोटा लावलेलं हिरवं नाजिशच्या निकाहच्या ओढणीचं. नाजिश फातिमाबीची लेक, आता लोणारला नांदत होती. तो तुकडा फातिमाबीनं स्वतः झुलीच्या मधोमध ठेवला.

"इथी कोन पाहीन त्याले?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"सारे पाहतीन. बैलाची पाठ आहे, काही चोरखिसा नाई," फातिमाबी म्हणाली.

दोघींच्या टाक्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. अन्नपूर्णाबाईंचा टाका लांब, तिरपा, बोलता बोलता पडलेला. फातिमाबीचा बारीक, दुहेरी दोऱ्याचा, आणि दर चौथ्या टाक्याला गाठ. गादी फाटेल, पण फातिमाबीचा टाका उसवणार नाही, असं गावात म्हणायचे. अन्नपूर्णाबाईंना तर टाक्यावरून माणूस कळायचं. कोणाच्याही घरची गोधडी हाती आली की त्या बोट फिरवून सांगायच्या, इथपर्यंत सासू बसली होती, इथून सून बसली, आणि इथं दोघींचं भांडण झालं. त्यांचं कधी चुकलं नाही.

"मले फकस्त एकडाव पाहाची आहे वं, तोरनाखालून जातानी," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. "मंग मेली तरी चालते."

फातिमाबीनं सुई ओढून घेतली. तिनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

चार महिन्यांत दोन झुली झाल्या. लाल, निळे, पिवळे त्रिकोण एकमेकांच्या अंगावर चढलेले, कडेनं कवड्या, खाली लोकरीचे गोंडे, आणि चारही कोपऱ्यांना जुन्या पैंजणांचे घुंगरू. अन्नपूर्णाबाईंनी झुली पेटीत घातल्या आणि दिवसातून दोनदा पेटी उघडायला कारणं शोधली.

पोळा उजाडला. दुपारी उकंडरावांनी आणि गणेशनं बैल धुऊन आणले, शिंगं रंगवली, बेगड लावली. काजल पोळ्या लाटत होती. अन्नपूर्णाबाई माहेरची नवी कोरी मोरपंखी साडी नेसून पेटी घेऊन आल्या. लाल्या म्हातारा, त्याच्या अंगाला काही लागत नव्हतं, त्याची झूल चापून बसली. मग मोरक्याच्या पाठीवर झूल टाकली.

उकंडरावांनी एक कड ओढून पाहिली, गणेशनं दुसरी.

चार महिने हिरवा चारा, सरकीची ढेप आणि अन्नपूर्णाबाईंच्या हातचे कणकेचे गोळे खाऊन मोरक्या चांगला भरला होता. झूल त्याच्या पाठीवर मध्येच थांबली होती. दोन्ही बाजूंनी पोट बाहेर, मागून पुठ्ठा बाहेर. वाढदिवसाला मागल्या वर्षीचा फ्रॉक घातलेल्या पोरीसारखा तो उभा होता, आणि त्याला ते आवडलेलंही दिसत होतं. त्यानं मान हलवली तसे घुंगरू वाजले. गणेश आधी गालात हसला, मग त्याला भिंतीला टेकावं लागलं.

"अवं, साऱ्या गावाले वाढत्या अंगाचं शिवतं," उकंडराव म्हणाले, "अन् घरच्या बैलाले?"

अन्नपूर्णाबाईंना हसू आलं आणि त्याच हसण्यातून डोळ्यांत पाणी आलं. आत दोन बोटं कापड त्यांनी दाबलंच नव्हतं. बैल वाढतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि वाढवला त्यांनीच. उकंडराव मागल्या वर्षीची नायलॉनची झूल काढायला आत वळले. मारुतीकडून डफडं वाजायला लागलं होतं.

"भाऊ, थांबा," समोरून फातिमाबी आली. तिच्या कमरेला बटवा होता आणि हातात गादीची सुई. "बैलानं अंग धरलं, यात रडाचं काय? झगा वाढवते तशी झूल वाढवू."

"कापड कुठी आहे वं? सारं पोतं सरलं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

दोघींनी घराकडे पाहिलं. घर आपल्या सगळ्या अंगड्यांत नटून बसलं होतं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. अन्नपूर्णाबाईंनी टीव्हीचं अंगडं ओढलं, काजलनं लाटणं ठेवून मिक्सर उघडा केला, सिलिंडरचा घागरा गेला, माठाचं टोपरं गेलं. गणेश शेळीमागं धावला. हिवाळ्यातलं जाकीट तिनं उन्हाळाभर अंगातून काढू दिलं नव्हतं, आताही देत नव्हती. उकंडराव नायलॉनची झूल हातात धरून हे बघत उभे राहिले. मग त्यांनी ती खुंटीला अडकवली, खाटेवरच्या रिमोटची बंडी काढली आणि बायकोपुढं धरली.

"एवढ्यानं काय होते?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"शेपटीपाशी लाव," उकंडराव म्हणाले. "खिडकी आहे त्याले, हवा लागीन."

मशीनवर घालायला वेळ नव्हता, म्हणून झूल बैलाच्या अंगावरच वाढवायला घेतली. एका बाजूनं काजल, एका बाजूनं या दोघी. अन्नपूर्णाबाईंनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या आणि मोरक्याच्या वशिंडावरून पलीकडं ओणवून त्या काजलला कापड देत होत्या. फातिमाबी त्यांच्या काखेखालून सुई चालवत होती. घागऱ्याची झालर पोटावर आली, माठाचं टोपरं खांद्यावर, जाकिटाचे दोन खिसे पुठ्ठ्यावर. पोटाखालून पट्टा ओढून तोही अंगावरच शिवून टाकला. वरून घुंगरमाळा, गोंडे, झेंडूची माळ. मोरक्या शांतपणे रवंथ करत होता. त्याला वाटत असावं, वर्षभर या बाईनं खाऊ घातलं त्याचं हे काहीतरी आहे.

"चाला चाला, पोळा फुटीन तिकडं," म्हणत उकंडरावांनी कासरा ओढला. मोरक्यानं पाऊल टाकलं, आणि अन्नपूर्णाबाईंनीही टाकलं. त्यांना टाकावंच लागलं. त्यांचा पदर झुलीला शिवला गेला होता. टोक नाही, चांगला हातभर पदर, वशिंडापासून खाली.

"आता हे काय केलं वं?" उकंडराव कासरा धरून थांबले.

"घाईत शिवल्या गेला," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी ओढून पाहिलं. टाका हलेना.

"कात्री आन, काजल."

कात्री मशीनजवळच्या खिळ्याला असायची. आज खिळा रिकामा. पाटाखाली नाही, ओट्यावर नाही, कातरणात नाही. गणेशनं विळा आणला, तशी फातिमाबी आडवी आली.

"आजच्या दिवशी बैलाजवय विळा? अन् भाऊ, नवी साडी, माहेरची, सवाष्नीचा पदर. सनाच्या दिवशी कापता? पाहा बाप्पा, तुमचं तुमी."

उकंडराव शकुनाला मोठे हळवे. मांजर आडवं गेलं तर धाडची जीप सोडून देणारा माणूस. त्यांनी विळ्याकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, डफड्याच्या आवाजाकडे पाहिलं. झूल काढायची तर पट्टा उसवावा लागणार, तोपर्यंत पोळा फुटणार.

"चाल मंग," ते म्हणाले. "पन तोंड खाली घालून चाल."

अन्नपूर्णाबाई निघाल्या. तोंड खाली घालायचं त्यांनी कबूल केलं होतं आणि पहिल्या चार पावलांपर्यंत पाळलंही. पुढं लाल्याला घेऊन गणेश, मागं उकंडराव आणि मोरक्या, आणि मोरक्याच्या बगलेला शिवलेल्या त्या. घरोघरच्या दारांत बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. चांगुणानं आधी झूल पाहिली, मग पदर पाहिला, आणि तिच्या हातातलं ताट कलंडलं. "माहा जांभया ब्लाउज," ती म्हणाली, आणि लगेच हात तोंडावर नेला. पुढच्या दारातून दुसरी म्हणाली, "हा माह्या बबडीचा फराक हाय." आवाज घरोघर पुढं जात राहिला, अन्नपूर्णाबाईंच्या आधी पोहोचत राहिला. मारुतीचं मैदान आलं तेव्हा त्यांच्या छातीत डफड्यापेक्षा जोरात वाजत होतं.

मैदानात चाळीसेक जोड्या ओळीनं उभ्या होत्या. मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण, आणि तोरणाखाली पुंजाजी, गावातले सगळ्यांत जाणते. कोणाची जोडी कुठं उभी राहायची हे तेच ठरवायचे आणि त्यांचं कोणी मोडत नसे. डीजे थांबला.

"काऊन बे उकंडा," पुंजाजी म्हणाले, "बाई काऊन आनली?"

"आनली नाई, आबा. शिवल्या गेली."

पुंजाजी काठी टेकत पुढं आले. त्यांनी पदर पाहिला, टाका पाहिला, झूल पाहिली. पोटावरची सिलिंडरची झालर, पुठ्ठ्यावरचे खिसे, शेपटीपाशी रिमोटची खिडकी, सगळं सावकाश पाहिलं. एवढ्या जवळ, तोरण दहा पावलांवर, आणि आता परत फिर म्हटलं तर त्यांना तिथंच रडू आलं असतं. त्यांनी तोंड वर केलं आणि पुंजाजींकडे सरळ पाहिलं.

पुंजाजींचं बोट एका मळक्या पांढऱ्या त्रिकोणावर थांबलं. "हे माह्या कुडत्याचं?"

"हो आबा. तुमच्या पोरीच्या लग्नातल्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "बाही लांब झालती, म्या कापून देल्ली होती."

पुंजाजींनी तो त्रिकोण जरा वेळ चिमटीत धरला. मग ते ओळीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "बैलाच्या अंगाले पोयाच्या दिवशी जे बांधलं, थो साज. साजाले कोनी आडवत नसते. येऊ द्या."

आणि अन्नपूर्णाबाई तोरणाखाली गेल्या. आंब्याची पानं डोक्याला लागली. मोरक्या उभा राहिला, त्याही उभ्या राहिल्या, आणि तोरणाखालून आलेलं ऊन झुलीवर पडलं. सगळे त्रिकोण एकदम पेटल्यासारखे झाले. माणसं जवळ येऊन आपापली कापडं शोधायला लागली. बापे माणसं, मिश्यांची, पोरांसारखी वाकून बोट लावत होती. हा माहा गणवेश, हा बहिणीचा परकर, हा आमच्या खिडकीचा पडदा. गुलजारभाई गोटा लावलेल्या हिरव्या तुकड्यापुढं येऊन उभे राहिले, "नाजिशची ओढनी," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यावरून हलकेच हात फिरवला. अन्नपूर्णाबाईंना हसू आवरेना, रडू आवरेना, आणि पुसायला पदर तर बैलाकडं होता. त्यांनी डोळे झेंडूच्या माळेला पुसले.

पोळा फुटायच्या आधी झडत्या म्हणायची रीत. एकानं लांब सुरात ओळी जोडायच्या आणि बाकीच्यांनी शेवटी गजर करायचा. यंदा मागच्या रांगेतून कोणीतरी आवाज टाकला,

"उडदाची दाय, कापसाचा दोरा,
बैलाले शिवली बायको, मागं पये नवरा."

मैदान हसून लोळलं. गजर करायला कोणाच्या तोंडात हवा राहिली नाही. उकंडराव आधी रागानं लाल झाले, मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असलं तर त्यांच्या लक्षात नव्हतं. "म्हना बे अजून एक," ते म्हणाले, आणि कासरा हातभर सैल सोडला.

घरी परतल्यावर काजलनं दारात लाल्याला ओवाळलं, मोरक्याला ओवाळलं, आणि ताट फिरतच होतं म्हणून सासूलाही ओवाळलं. पोळीचा घास मात्र मोरक्यानं खाल्ला, स्वतःचा आणि सासूचाही.

मग अन्नपूर्णाबाई ओट्यावर टेकल्या, बैल शेजारी, पदर अजून तसाच. फातिमाबी उसवायला आली. तिनं कमरेचा बटवा उघडला आणि त्यातून कात्री काढली. खिळ्यावरची कात्री.

अन्नपूर्णाबाईंनी कात्रीकडे पाहिलं. मग झूल थोडी उलटवली आणि जिथं पदर जोडला होता तिथं बोट फिरवलं. बारीक टाका. दुहेरी दोरा. दर चौथ्या टाक्याला गाठ.

फातिमाबी काहीच घडलं नसल्यासारखी गाठी कापत राहिली.

"साधा टाका घातला असता," शेवटी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "त वाटेतच सुटला असता."

"म्हनून त गादीचा घातला," फातिमाबी म्हणाली, आणि पुढची गाठ कापली.